फोन म्हणतो 'तांबडा रस्ता'. तुमचा काय म्हणतो?

तिकटीवरचा (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

मी कोल्हापुरात डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, तालमीचे फ्लेक्स, हॉटेलची मेनूकार्डं, बारशा-जावळाची आमंत्रणं. पोट अक्षरांवर चालतं, त्यामुळं चूक कुणाचीही असू दे, शिव्या पहिल्या मला. पूर्वी गिऱ्हाईक वहीच्या कागदावर हातानं लिहून आणायचं. अक्षर कोंबडीच्या पायाचं असलं तरी शब्द त्याचा स्वतःचा असायचा. आता मजकूर व्हॉट्सॲपवर येतो. तो गिऱ्हाइकानं लिहिलाय का त्याच्या फोननं, हे काही कळत नाही.

गेल्या महिन्यात एका खानावळीचं मेनूकार्ड आलं. पहिलीच ओळ: 'मटण ताट – तांबडा रस्ता, पांढरा रस्ता अनलिमिटेड.' ही मी पकडली. रस्ते अनलिमिटेड असते तर गावातले खड्डे कशाला दिसले असते!

दुसरी मात्र निसटली. एका आजोबांनी नातवाच्या जावळाचा मजकूर पाठवला होता. घाईची ऑर्डर, मी कॉपी-पेस्ट केलं, प्रूफ त्यांच्याच फोनवर पाठवलं, त्यांनी अंगठा दाखवला. दीडशे पत्रिका छापल्या. संध्याकाळी आजोबा दुकानात. पिशवीतून पत्रिका काढली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि मोठ्यानं वाचायला लागले: 'आमच्या नातवाचे जवळ काढण्याचे योजिले आहे.' मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "कुणाच्या जवळनं काढायचं रं पोराला?"

दीडशे पत्रिका पदरच्या खर्चानं परत छापल्या. त्यांनी फोनवर 'जावळ'च लिहिलं होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझ्यासमोर त्यांनी परत टाइप करून दाखवलं. स्पेस दाबली की जावळाचा काना गायब.

त्या रात्री झोप लागेना म्हणून फोन आणि दोन-तीन ऑनलाइन कोश घेऊन बसलो, आपल्याकडचे शब्द एकेक करून टाकत गेलो. मिसळ टाकली, 'मुसळ' म्हणाला. म्हणजे आता झणझणीत मुसळ आणि वर दोन पाव. काकवीची काकडी झाली. गुऱ्हाळावरची कायल, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, 'घायल' झाली. हलगीची 'हलकी' झाली, म्हणजे मिरवणुकीत पोलीस सांगतात तशी, जरा हलकी वाजवा. सगळ्यात कहर म्हणजे तिकटी, म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. आमचं दुकान मिरजकर तिकटीजवळ. मी रिक्षावाल्याला मेसेज करायला गेलो तर झालं 'मिरजकर तिकीट'. त्याचा उलट मेसेज: "एसटीचं का रेल्वेचं?"

इंग्रजी कोशात गेलो तर आणखी मजा. रंकाळा इंग्रजीत लिहिला तर कोश विचारतो, तुम्हाला 'रँकल' म्हणायचंय का? अर्थ बघितला: मनात सलत राहणे. तळ्यातली जलपर्णी आठवली, पटलं. जोतिबाचा झाला जोजोबा, ते शाम्पूतलं तेल. इचलकरंजी टाकल्यावर मात्र कोशानं हात टेकले. एकही सूचना नाही.

तुमच्याकडचे नमुने टाका. खरे टाका, बनवलेले नकोत. बनवलेले लगेच ओळखू येतात.


सांगलीचा_दाणा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आमच्यात भडंग हा शब्द फोनला पचत नाही. मी मेव्हण्याला लिहिलं, 'येताना दोन किलो अभंग आण.' त्यानं विचारलं, तुकोबांचे का नामदेवांचे? आणि मोकळे का पॅकिंगमधले?


नांदणीच्या_काकू

तिकटीवरच्या भावा, तुझे आजोबा बरे म्हणायचे. माझं ऐक.

श्रावणातल्या शुक्रवारी आमच्याकडं सवाष्णी असतात. गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'शुक्रवारी सकाळी अकराला ओटी भरायला या.' पाठवलं, मोबाइल ठेवला आणि पुरणाला लागले. अर्ध्या तासात चार फोन. पहिली म्हणाली, "काकू, तुमचं खातं कुणीतरी हॅक केलंय." दुसरीनं तिच्या मुलाला माझ्याकडं पाठवून दिलं, तो बिचारा बाइकवरनं धावत आला. बघते तर मेसेजमध्ये 'शुक्रवारी सकाळी अकराला ओटीपी भरायला या.'

नारळ, खण, तांदूळ सगळं मांडून तयार आणि बायका म्हणतात, बँकेनं सांगितलंय, ओटीपी कुणाला द्यायचा नाही.


तिकटीवरचा (धागाकर्ता)

काकू, दंडवत. धाग्याचं सार्थक झालं.


पुण्यपत्तनस्थ

धागा मनोरंजक आहे, पण मूळ मुद्दा कुणी मांडत नाही. माणसे शुद्ध लिहीत नाहीत, म्हणून यंत्राला दुरुस्ती करावी लागते. 'कोल्हापुर' असे ऱ्हस्व लिहिणारे तुमच्याच गावात सापडतील. गावाच्या नावातले 'पूर' दीर्घ असते, हे शाळेत शिकवलेले असते.


तिकटीवरचा (धागाकर्ता)

जावळ शुद्धच लिहिलं होतं की हो. रस्सापण शुद्ध. ओटीत तर चुकायला जागाच नाही, दोन अक्षरं आहेत. शुद्धाचं अशुद्ध फोननं केलंय.

आणि पूर दीर्घ म्हणता, मान्य. पण मी 'कोल्हापुरात' लिहिलं की त्याखाली लाल रेघ येते, आणि 'कोल्हापूरात' लिहिलं की रेघ जाते. आता सांगा, शाळेत कोण गेलं नव्हतं?


पुण्यपत्तनस्थ

'कोल्हापुरात' हेच बरोबर आहे. प्रत्यय लागताना सामान्यरूप होते तेव्हा ऊकार ऱ्हस्व होतो. याबाबतीत यंत्र चूक आहे. कबूल.


सांगलीचा_दाणा

तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी. पुण्यातनं 'कबूल' आलंय.


कोडकरी

मूळचा शिवाजी पेठेतला, सध्या बंगळुरात. शब्द तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर थोडं काम केलंय, म्हणून लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

फोनला किंवा कोशाला रस्सा खायचा असतो हे माहीत नसतं. त्याच्याकडं शब्दांची एक यादी असते. तुम्ही लिहिलेला शब्द यादीत नसला की तो यादीतले 'जवळचे' शब्द शोधतो. जवळचे म्हणजे अर्थानं जवळचे नाहीत. किती अक्षरं बदलली की एका शब्दाचा दुसरा होतो, एवढंच मोजायचं. हे अंतर व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञानं १९६५ साली मांडलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९६४ साली, फ्रेडरिक डॅमेराऊनं दाखवलं होतं की स्पेलिंगच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त चुका चारच प्रकारच्या असतात: एक अक्षर जास्तीचं पडलं, एक गळलं, एकाच्या जागी दुसरं आलं, किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल झाली.

आता धागाकर्त्याचे नमुने घ्या. देवनागरीत संगणक काना-वेलांटी-हलन्त हे सगळं सुटं सुटं मोजतो. रस्सा म्हणजे र, स, हलन्त, स, काना. रस्ता म्हणजे र, स, हलन्त, त, काना. एकाच जागचा फरक. जावळमधला काना गळला की जवळ. मिसळीची वेलांटी जाऊन उकार आला की मुसळ. काकवी-काकडीत फक्त व आणि ड. तिकटी तर नमुनेदार आहे: त, वेलांटी, क, ट, दीर्घ वेलांटी. शेवटची दोन शेजारीशेजारी आहेत. त्यांची अदलाबदल करा. त, वेलांटी, क, दीर्घ वेलांटी, ट. तिकीट! डॅमेराऊचा चौथा प्रकार मिरजकर तिकटीला उभा आहे.

मग अंतर सारखंच असेल तर कुठला शब्द निवडायचा? जो लोक जास्त वापरतात तो. बातम्यांत, जाहिरातींत, सरकारी कागदांत 'रस्ता' हजारदा येतो, 'रस्सा' एखाद्या वेळी. यंत्रानं जे वाचलं त्यात कोल्हापूर कमी होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

काकूंची केस वेगळी आहे. ओटी चुकीचा समजून बदलला नाही, तो पुढचा शब्द ओळखायला गेला. 'ओटी' इथपर्यंत बोट आलं की दिवसातनं दहा वेळा पुढं 'पी' येतं. 'भरायला'पण दोन्हीकडं चालतं. इतका बेमालूम घोटाळा ठरवूनसुद्धा जमणार नाही.


नांदणीच्या_काकू

म्हणजे सवय माझीच वाईट म्हण की. गॅस, लाइटबिल, नातवाची फी, सगळ्याला ओटीपी.


कोडकरी

काकू, सवय बँकेची. तुम्ही निर्दोष.

पुण्यपत्तनस्थांच्या 'कोल्हापुरात'बद्दल राहिलं. इंग्रजीत एका नामाची दोन-तीन रूपं असतात. आपल्याकडं बघा: घर, घराला, घरात, घरातला, घरातल्यांना, घरासमोरच्यानं, घरातल्यांनीसुद्धा. सगळी रूपं यादीत घालायची म्हटलं तर यादी पन्हाळ्यापर्यंत जाईल. म्हणून मूळ शब्द एका फाइलीत ठेवतात आणि प्रत्यय लावायचे नियम दुसऱ्या फाइलीत. फायरफॉक्स, लिबरऑफिस यांच्यात जी हन्स्पेल नावाची व्यवस्था आहे ती अशीच चालते. ती लास्लो नेमेथ यांनी हंगेरियन भाषेसाठी बांधली, म्हणून नावात 'हन्'. हंगेरियनमध्येपण प्रत्ययांवर प्रत्यय चढतात, म्हणून ती आपल्याला बऱ्यापैकी बसते. पण मराठीचे नियम कुणीतरी बसून लिहावे लागतात. 'पूर'चं 'पुरा' होतं हा नियम ज्या फाइलीत कुणी लिहिलाच नाही, तिथं कोल्हापूरला नुसता 'आत' चिकटतो आणि 'कोल्हापूरात' बरोबर ठरतं.


पुण्यपत्तनस्थ

उत्तम माहिती. यात भर घालतो. युरोपीय संघाच्या अनेक इंग्रजी कागदपत्रांत 'कोऑपरेशन'च्या जागी 'क्युपर्टिनो' छापले गेले आहे. क्युपर्टिनो हे कॅलिफोर्नियातले एक गाव. जुन्या तपासनीसाच्या यादीत 'को-ऑपरेशन' आडव्या रेघेसह होते, रेघेविना नव्हते, म्हणून त्याने जवळचे म्हणून हे गाव सुचवले आणि कारकुनांनी न बघता होकार दिला. या प्रकाराला इंग्रजीत 'क्युपर्टिनो इफेक्ट' असे नावच पडले आहे. तेव्हा अंगठा दाखवणारे आजोबा एकटे नाहीत.


तिकटीवरचा (धागाकर्ता)

सहकाराच्या जागी गाव? आमच्याकडं तर सहकार म्हणजेच गाव. कारखाना, दूध संघ, बँक, सोसायटी. 'को-ऑपरेशन'वाले फ्लेक्स माझ्याकडं आठवड्याला दोन असतात. आता डोळ्यांत तेल घालून बघतो.


गुळव्या

आमचं गुऱ्हाळ हाय, कागल रोडला. मला एक सांगा कोडकरी भाऊ. मी गुऱ्हाळ असं लिवतो, अक्षर डोळ्याला एकदम बरोबर दिसतंय. मग एका ऑनलाइन कोशात टाकलं तर म्हणतोय सापडला नाही. त्याच कोशात खाली खाली बोटानं जाऊन बघितलं तर तिथं गुऱ्हाळ हायच की. दोन्ही शब्द शेजारी ठेवून बघितलं, फरक दिसंना. गूळ तर इचारूच नका, फोन म्हणतोय 'गुल'. कोल्हापुरी गुल एक नंबर. लाइट गेल्यागत वाटतंय.


कोडकरी

गुल सोपं आहे. तुमचा कीबोर्ड हिंदीवर असणार. प्रमाण हिंदीच्या रोजच्या शब्दांत ळ नाही, त्यामुळं तो प्रत्येक ळ-ला ल-कडं ओढतो. सेटिंगमध्ये मराठी घाला, निम्मी दुखणी जातील.

गुऱ्हाळ मात्र भारी केस आहे. ऱ्ह मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र संगणकाला दोन तऱ्हांनी सांगता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा आणि त्याला हलन्त लावायचा. दोन, साधा र, हलन्त, आणि त्याच्यामागं एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसतात, आत मात्र अक्षरं वेगळी. कोशानं एका तऱ्हेनं लिहिलं असेल आणि तुमच्या फोननं दुसऱ्या, तर त्याच्या लेखी तुमचं गुऱ्हाळ अस्तित्वातच नाही. आणि ते न दिसणारं चिन्ह गळलं तर र डोक्यावर चढतो, गुर्हाळ होतं. कऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा, सगळ्यांचं हेच रडगाणं.


गुळव्या

म्हणजे शब्द एकच, पर चूल वायली. कळलं.


निवृत्त_मास्तर

मुलांनो, वाचतोय केव्हापासून. आता राहवत नाही.

तुम्ही आजच्या यादीबद्दल बोलताय, मी जुन्या कोशाबद्दल सांगतो. मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. आता तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. माझ्या नातीला शाळेत काही काम होतं. तिनं त्यात 'तळं' शोधलं, मिळेना. 'गाव' शोधलं, मिळेना. 'नाव' मिळालं, पण अर्थ होडी. आजोबा, साहेबाला मराठी येत नव्हतं काय, म्हणाली.

मी म्हटलं, बाळ, साहेबाला येत होतं, तू जुनी मराठी लिहीत नाहीस. तेव्हा तळें, गांव, नांव असं अनुस्वार देऊन लिहायचे. ते अनुस्वार उच्चारात नव्हते. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली सरकारनं मान्य केले, १९७२ साली आणखी चार आले, एकूण अठरा. त्यात हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. मी स्वतः शाळेत पहिली काही वर्षं टिंबं देत शिकलो आणि मग तीच टिंबं खोडायला शिकलो. आमच्या गुरुजींना ती खोडताना त्रास व्हायचा. फळ्यावर 'नांव' लिहून जायचे, मग मागं वळून बोटानं टिंब पुसायचे. त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट कायम खडूनं पांढरं असायचं.

तर नातीनं टिंब देऊन शोधलं, सगळं सापडलं.

आणखी एक. आमच्या डोंगरावरच्या देवाचं नाव जोतिबा आहे. फोन त्याला ज्योतिबा करतो. चैत्र यात्रेच्या फ्लेक्सवर हे दिसलं की माझं डोकं दुखतं.


तिकटीवरचा (धागाकर्ता)

मास्तर, नमस्कार. तुम्ही ज्योतिबावर थांबलात, मी पुढचं बघितलंय. एका मंडळाचा मजकूर आला होता: 'ज्योतिबाच्या नावानं चांगलं.' चांगभलंमधला भ फोननं गिळला. मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला, म्हटलं, अहो, भ गेलाय. ते म्हणाले, "भ कुठला?" मी म्हटलं, चांगभलंमधला. दोन सेकंद शांत. मग म्हणाले, "दुरुस्त करा आणि हे कुणाला सांगू नका." नाव सांगत नाही, शब्द दिलाय.


वस्तादांचा_पठ्ठ्या

आमच्या तालमीचा किस्सा टाकतो. आधी बाहेरच्यांसाठी: कोशात तालीम म्हणजे शिक्षण, सराव असं काहीतरी येतं. आमच्यात तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा, आणि त्याभोवतीची अख्खी गल्ली.

कोल्हापुरात होळीला शेणी जाळण्यापेक्षा स्मशानभूमीला देतात. बाहेर ज्याला गोवऱ्या म्हणतात त्या. आम्ही दरवर्षी गल्लीतनं गोळा करून पंचगंगा स्मशानभूमीत पोचवतो. एका वर्षी मेसेज लिहायचं काम माझ्याकडं. 'होळी लहान करा, शेणीदान करा. शनिवारी संध्याकाळपर्यंत तालमीत आणून द्यावे.' पाठवलं. गेलं काय? 'होळी लहान करा, शनीदान करा.' त्यात वार शनिवार.

आमच्या इथं नवीन अपार्टमेंट झालंय, त्यात सगळे बाहेरगावचे. शनिवारी संध्याकाळी तिथले एक काका पायऱ्या चढून आले. हातात तेलाची बाटली, काळे उडीद, तिळाची पुडी, रुईच्या पानांची माळ. चप्पल बाहेर काढली, आत बघितलं. आत हनुमान, चार पोरं जोर मारतायत आणि कोपऱ्यात शेणींचा ढीग. काका ढिगाकडं बघतात, आम्ही बाटलीकडं बघतोय. कुणालाच काही सुचेना.

माळ हनुमानाला घातली. उडीद-तीळ त्यांनी परत नेले. तेल वस्तादांनी ठेवून घेतलं, मालिशला. दुसऱ्या वर्षीपासून काका न चुकता शंभर शेणी देतात, आणि वर विचारतात, तेल आणू का?


सांगलीचा_दाणा

मेलो. तेल मालिशला!


पाणीपातळी

माझा जरा वेगळा. पावसाळ्यात आमच्या घरच्या ग्रुपवर बंधाऱ्याची पातळी टाकायचं काम माझं. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ वर, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालापण पाठ. २०१९ च्या पुरानंतर तर ४० ओलांडलं की झोप उडते. रात्री दीडला घाईत लिहिलं, 'राजाराम भंडाऱ्यावर ४१ फूट, पाणी वाढतंय.' नागपूरचे मामा लगेच, "भंडाऱ्यात पूर? माझा मित्र तिथं आहे, विचारतो." एका चुलतभावानं विचारलं, भंडारा कुठल्या देवळात आहे आणि पंगत किती वाजता.

त्या रात्री हसू आलं नाही. सामान माळ्यावर चढवत होतो. आता आठवलं की येतं.


कोडकरी

ब-चा भ, ध-चा ड. अंतर दोन. तरी उडी मारली पठ्ठ्यानं.

आता इंग्रजी कोशांचं सांगतो, कारण रंकाळा-रँकल हा योगायोग नाही. अक्षरं मोजायच्याही आधीची एक युक्ती आहे, साउंडेक्स. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या माणसानं १९१८ साली तिचं पेटंट घेतलं. पुढं तिकडं जनगणनेच्या कागदांत आडनावं शोधायला वापरली, कारण एकच आडनाव दहा जण दहा तऱ्हांनी लिहीत. उच्चारावरनं शब्द शोधायच्या बऱ्याच पद्धती हिच्या लेकी-नाती. कृती सोपी आहे: इंग्रजी स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर ठेवायचं, पुढचे स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय टाकून द्यायचे, उरलेल्या व्यंजनांना गटाचे आकडे द्यायचे. बी, एफ, पी, व्ही यांना १. सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड यांना २. डी, टी ३. एल ४. एम, एन ५. आर ६. तोच आकडा लागोपाठच्या अक्षरांना आला तर एकदाच धरायचा. तीन आकडे झाले की थांबायचं, कमी पडले तर शून्य.

रंकाळा: आर५२४. रँकल: आर५२४. डिट्टो. मिसळ: एम२४०. मिसाइल एम२४०, आणि मसल म्हणजे स्नायू, तोपण एम२४०. खासबागेतल्या पैलवानांना विचारा, पटेल. पन्हाळा आणि पॅनेल पी५४०. मिरज एम६२०, मॅरेजपण एम६२०. सातारा आणि सटायर एस३६०. आणि सांगलीकर, तुमचं एस५२४. सिंगलचा कोड तोच.


सांगलीचा_दाणा

हे वैयक्तिक झालं.


तिकटीवरचा (धागाकर्ता)

आणि कोल्हापूर?


कोडकरी

के४१६. आणि क्लेव्हर, म्हणजे हुशार, सी४१६. आकडे तेच, फक्त पहिलं अक्षर वेगळं. पुणे विचारू नका.


तिकटीवरचा (धागाकर्ता)

विचारतो.


कोडकरी

पी५००. पेन. दुखणं या अर्थी.


पुण्यपत्तनस्थ

मी कागदावर करून पाहिले, गणित बरोबर आहे. मात्र तुमचे पहिलेच अक्षर चुकले आहे. म्हणजे कोल्हापूर हुशार होता होता राहिले.


नांदणीच्या_काकू

अगं बाई! पगडीनं डाव टाकला की.


वस्तादांचा_पठ्ठ्या

धोबीपछाड. मान्य. या कधी कोल्हापुरात, रस्सा पाजतो. रस्ता नाही.


पोवार_पण_पॉवर_नाही

आडनावांचं कुणीच कसं लिहिलं नाही? ऑफिसात मला इंग्रजी मेल येतात त्यात मी कायम मिस्टर पॉवर. शेजारी कांबळे बसतो, त्याला यंत्र 'गँबल' सुचवतं, जुगार. शिंद्यांना 'शिंडिग', म्हणजे धांगडधिंगा. मजा माने आणि मोरे यांची. त्यांच्या नावाखाली जन्मात लाल रेघ आली नाही, कारण इंग्रजीत एक आयाळ आणि दुसरा अधिक. काळे तर भाजी आहेत. साने म्हणजे शहाणा, तिथंपण रेघ नाही. यंत्राच्या लेखी फक्त हीच माणसं बरोबर लिहिलेली, आम्ही बाकीचे सगळे चुका.


निवृत्त_मास्तर

पोवार, या यादीत दाते घाला. इंग्रजीत लिहिलं तर तारीख. आणि महाराष्ट्र शब्दकोश केला कुणी? दाते आणि कर्वे यांनी. १९३२ पासून सात विभाग काढले. ज्यानं मराठीला एवढा शब्दकोश दिला त्याच्या आडनावाला इंग्रजी यंत्र खजूर समजतं. डेटचा तोही अर्थ आहे.


तिकटीवरचा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. कोडकरींचं ऐकून मी परवा एक उद्योग केला, त्याचा निकाल सांगतो.

फोनच्या सेटिंगमध्ये 'स्वतःचा शब्दकोश' असा एक कप्पा असतो. त्यात बसून मी आपले शब्द भरले. रस्सा, तिकटी, काकवी, कायल, हलगी, चांगभलं, शेणी, जोतिबा. काकूंसाठी ओटी. तासभर लागला. तिथंच शॉर्टकटचा पण एक रकाना होता, म्हणजे हे लिहिलं की ते उमटावं. आजोबांची शिवी कानात होती, म्हणून तिथं लिहून टाकलं: 'जवळ' आलं की 'जावळ' कर. वाटलं, एकदाचा बंदोबस्त झाला.

काल एक गिऱ्हाईक मजकूर घ्यायला यायचं होतं. ते विचारतंय दुकान कुठं, मी कुठं. मी चहाला बाहेर पडलो होतो. मी लिहिलं ते असं गेलं: 'मी खासबागेच्या जावळ आहे. तिकटीच्या जावळ थांबा, पाच मिनिटांत आलो.'

तिकटी बरोबर आली होती.


नांदणीच्या_काकू

जावळ कुणाचं रे बाळा? आणि आम्हाला आमंत्रण नाही?